आधी पोकळी, मग खडक : आतला कान कसा घडतो आणि स्कॅनवर कसा दिसतो

लेणं कोरताना आधी खडक असतो, मग त्यात पोकळी होते. आतल्या कानाचं बरोबर उलटं आहे. तिथे पोकळी आधी तयार होते आणि खडक तिच्याभोवती नंतर बसतो. एवढी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, की जन्मतः ऐकू न येणाऱ्या बाळाच्या सीटी किंवा एमआरआय रिपोर्टमधले बरेचसे अवघड शब्द उलगडायला लागतात. तो रिपोर्ट काय सांगू शकत नाही, हेही कळतं.

खडक हा शब्द शोभेसाठी घेतलेला नाही. कानशिलाच्या हाडाचा जो भाग आतल्या कानाला पोटात घेऊन बसतो, त्याचं लॅटिन नावच मुळी ‘दगडासारखा’ अशा अर्थाचं आहे. शरीरातलं हे सगळ्यांत घट्ट हाड. हजारो वर्षांपूर्वीच्या सांगाड्यातून डीएनए मिळवायचा असला तर संशोधक आधी हाच तुकडा शोधतात, कारण बाकीची हाडं झिजली तरी याच्या आतलं बऱ्याचदा टिकून राहिलेलं असतं.

या दगडातल्या पोकळीच्या पुढच्या बाजूला गोगलगाईच्या शंखासारखा, साधारण अडीच वेढ्यांचा कॉक्लिया असतो. ऐकण्याचं काम त्याचं. मागच्या बाजूला एकमेकींशी काटकोनात बसलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोकं कुठे आणि किती वळलं हे त्या ओळखतात. दोन्हींच्या मधे एक छोटासा चौक, त्याला व्हेस्टिब्यूल म्हणतात. या हाडाच्या पोकळीत पातळ पडद्याची एक पिशवी असते, तिच्या आत एक द्रव आणि तिच्याबाहेर वेगळा द्रव. कॉक्लियाची उंची जेमतेम ५ मिलिमीटर.

बाविसाव्या दिवसापासून

गर्भ बावीस-तेवीस दिवसांचा असताना, म्हणजे आईची पाळी चुकून आठवडा झालेला असतो तेव्हा, त्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना, मेंदूच्या मागच्या भागालगत, वरची त्वचा एका ठिपक्यापुरती जाड होते. आतल्या कानाचा हा पहिला मागमूस. (इथले आठवडे आणि दिवस गर्भधारणेपासून मोजलेले आहेत. दवाखान्यात शेवटच्या पाळीपासून मोजतात, त्यात दोन आठवडे जास्त धरले जातात. या घोळामुळे दोन ठिकाणचे आकडे जुळत नाहीत असं अनेकांना वाटतं.)

तो ठिपका आत दबतो, त्याचा खळगा होतो, खळग्याची तोंडं मिटतात आणि चौथ्या आठवड्याच्या अखेरीस त्वचेपासून सुटलेली एक बंद पिशवी तयार होते. पुढे जे काही होतं ते या एका पिशवीचं होतं. तिच्यातून आधी एक बारीक शेपूट निघतं, त्यातून पुढे द्रवाचा निचरा करणारी नळी आणि छोटी थैली बनते. पिशवीच्या वरच्या भागातून तोल सांभाळणाऱ्या नळ्या, खालच्या भागातून कॉक्लिया. कॉक्लिया पाचव्या-सहाव्या आठवड्यात कोंबासारखा बाहेर पडतो आणि वाढता वाढता स्वतःभोवती वळत जातो. सातव्या आठवड्यात साधारण दीड वेढा झालेला असतो, आठव्या ते दहाव्या आठवड्यापर्यंत अडीच.

तीन नळ्यांची तऱ्हा मला जास्त मजेची वाटते. त्या नळ्या म्हणून उगवतच नाहीत. आधी पुरीसारखे चपटे फुगे बाहेर येतात, मग प्रत्येक फुग्याच्या मधल्या भागातल्या दोन्ही भिंती एकमेकींना चिकटतात आणि तेवढा भाग विरून जातो. उरते ती कड, आणि ती कड म्हणजेच नळी. वरची नळी सगळ्यांत आधी पुरी होते, मग मागची, आणि शेवटी आडवी. तिन्हींपैकी शेवटी होणाऱ्या आडव्या नळीतच बिघाड सगळ्यांत जास्त वेळा आढळतो. स्कॅनवर तिचं मधलं हाडाचं बेट फार लहान दिसतं किंवा नसतंच. म्हणजे फुग्याचा मधला भाग विरायचा राहून गेला.

हे सगळं होताना भोवती अजून हाड नाही, मऊ कुर्चा आहे. साधारण सोळाव्या आठवड्यापासून त्या कुर्चेत १४ ठिकाणी हाड धरायला लागतं. ही ठिकाणं एकमेकांना भिडतात आणि सहाव्या महिन्यात अख्खी पोकळी दगडात बंद होते. तेव्हा तिचं जे माप असतं तेच म्हातारपणी असतं. जन्मलेल्या बाळाचा कॉक्लिया मोठ्या माणसाच्या कॉक्लियाएवढाच असतो. अपवाद त्या शेपटाच्या नळीच्या वाटेचा. ती जन्मानंतरही काही वर्षं वाढते, आणि पुढे याच वाटेकडे परत यायचं आहे.

तर हाड हा साचा आहे, पिशवीवर बसलेला. हाड बसायच्या आधी पिशवीचा आकार बिघडला तर तो बिघाड दगडात नोंदला जातो. पिशवीचा आकार ठीक राहिला आणि बिघाड तिच्या आतल्या पेशींमध्ये झाला, तर दगडाला त्याचा पत्ता लागत नाही.

बाहेरच्या कानाचा यात संबंध येत नाही. कानाची पाळी आणि कानाचा मार्ग वेगळ्या पेशीसमूहांतून, गळ्याच्या बाजूच्या कमानींतून घडतात. त्यामुळे कानाची पाळीच नीट न झालेल्या बाळाचा आतला कान अनेकदा अगदी व्यवस्थित असतो, आणि देखणे कान असलेल्या बाळाच्या आत कॉक्लियाच नसतो असंही होतं. मात्र एखादा घाव इतक्या लवकर बसतो की दोन्ही घडणी एकदम सापडतात. १९५० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९६० च्या सुरुवातीला गरोदर बायकांना मळमळीवर दिलेल्या थॅलिडोमाइडचं तसं झालं. ज्या गर्भांना हे औषध अगदी सुरुवातीच्या, म्हणजे विसाव्या दिवसानंतर लगेचच्या दिवसांत पोचलं त्यांच्यात कानाचे दोष दिसले. हातापायांचे दोष त्यानंतरच्या दिवसांतले. पण ही उदाहरणं विरळ. आतल्या कानाच्या बहुतेक दोषांमागे जनुकं असतात किंवा कारण सापडतच नाही. आईने गरोदरपणात काय खाल्लं, किती धावपळ केली याच्याशी त्याची सांगड घालण्यात अर्थ नसतो.

पोकळी आणि पाणी

सीटी आणि एमआरआय आतल्या कानाकडे दोन उलट बाजूंनी बघतात. सीटीवर हाड पांढरं आणि पोकळी काळी. म्हणजे सीटी साचा दाखवतो. त्यासाठी कानशिलाच्या हाडाचे अर्धा-पाऊण मिलिमीटर जाडीचे काप घेतात. रिपोर्टवर ‘एचआरसीटी टेम्पोरल बोन’ लिहिलेलं असतं ते हेच. एमआरआयच्या एका खास पद्धतीत स्थिर पाणी चकचकीत पांढरं दिसतं आणि हाड काळं. तिथे साचा गायब होतो आणि आतल्या द्रवाचा शंख अंधारात लखलखतो. मेंदूभोवतीचं पाणीही पांढरं असतं आणि त्यातून जाणाऱ्या नसा काळ्या धाग्यांसारख्या दिसतात. नस सीटीवर दिसत नाही. ती ज्या बोगद्यातून जाते तो बोगदा तेवढा दिसतो.

म्हणून बाळाला कॉक्लिअर इम्प्लांट (कॉक्लियात तार घालून ऐकण्याच्या नसेला थेट विजेचे संकेत देणारं यंत्र) करायचं ठरत असताना बहुतेक ठिकाणी दोन्ही तपासण्या करतात. एकीने दुसरीचं काम भागत नाही. सीटीत क्ष-किरणं लागतात पण काम काही सेकंदांत होतं. एमआरआयला किरणं नाहीत, पण बराच वेळ निश्चल पडून राहावं लागतं, म्हणून लहान मुलांना गुंगी द्यावी लागते. अगदी तान्ह्या बाळाला पाजून, गुंडाळून, झोपेतच तपासणी उरकता येते.

दीड वेढा

१७९१ साली इटलीतल्या बोलोन्या शहरात कार्लो मोंडिनी या वैद्याने एका आठ वर्षांच्या मुलाचे कान उघडून पाहिले. मुलगा जन्मापासून बहिरा होता. गाडीखाली पाय सापडला, जखम सडली आणि त्यात तो गेला. मोंडिनींना आत अडीचऐवजी दीडच वेढ्यांचा कॉक्लिया सापडला, वरचा भाग म्हणजे एक मोकळी खोली, चौक जरा फुगलेला आणि चौकातून मेंदूकडे जाणारी ती हाडातली वाट प्रमाणाबाहेर रुंद. ना सीटी, ना सूक्ष्मदर्शकाखालची शस्त्रक्रिया, तरी या तीन खुणा आजही जशाच्या तशा शिकवल्या जातात.

त्याचा एक तोटा झाला. कित्येक दशकं आतल्या कानाचा कुठलाही दोष दिसला की रिपोर्टमध्ये ‘मोंडिनी’ लिहायची सवय पडली. जुन्या कागदांत हा शब्द असेल तर त्यावर फार विसंबू नये. तीनही खुणा असतील तरच तो मोंडिनी.

१९८७ मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट जॅकलर, विल्यम लक्सफर्ड आणि विल्यम हाउस यांनी सगळे दोष एका शिडीवर मांडले. बांधकाम कुठल्या आठवड्यात थांबलं, त्यावर दोषाचा प्रकार. पिशवी बनायच्या आधीच थांबलं तर आतला कान नाहीच. चौथ्या आठवड्यात थांबलं तर एकच गोल पोकळी, ना शंख ना नळ्या, म्हणजे ‘कॉमन कॅव्हिटी’. पाचव्यात थांबलं तर चौक आणि नळ्या आहेत पण कॉक्लिया नाही. सहाव्यात थांबलं तर कॉक्लियाचा नुसता कोंब. सातव्यात थांबलं तर दीड वेढा, मोंडिनींना दिसला तसा.

मांडणी इतकी सुबक आहे की ती खरी असावी असंच वाटतं. बऱ्याच अंशी आहेही. पण शिडीत न बसणारी मुलं भेटत राहिली. चार्ज सिंड्रोम (अनेक अवयवांत दोष असणारा जन्मजात विकार) असलेल्या बहुतेक मुलांच्या तीनही नळ्या गायब असतात आणि कॉक्लिया मात्र बऱ्यापैकी घडलेला असतो. वॉर्डनबर्ग सिंड्रोम या आनुवंशिक विकारात कधी फक्त मागची नळी नसते, शेवटी होणारी आडवी जागेवर असते. घड्याळ बंद पडलं म्हणून सगळं तिथेच थांबलं, हे स्पष्टीकरण इथे चालत नाही. अमुक जनुक अमुक भागाला जबाबदार होतं आणि तेवढाच भाग घडला नाही, असं म्हणावं लागतं.

२००२ मध्ये तुर्कस्तानातल्या लेव्हेंट सेनारोलू आणि इशिल साअत्ची यांनी नवी विभागणी सुचवली, आणि आजच्या रिपोर्टमध्ये जे ‘इन्कम्प्लीट पार्टिशन’ लिहिलेलं असतं ते तिथून आलं. अर्थ सरळ आहे: कॉक्लियाचा बाहेरचा आकार झालाय, पण आतल्या भिंती पुऱ्या झालेल्या नाहीत. पहिल्या प्रकारात आत काहीच नाही, वेढे ज्याच्याभोवती फिरतात तो मधला हाडाचा खांब नाही, वेढ्यांमधल्या भिंती नाहीत. रिकामा कॉक्लिया आणि फुगलेला चौक मिळून सीटीवर इंग्रजी आठच्या आकड्यासारखी आकृती दिसते. दुसरा प्रकार मोंडिनींचा. खालचा वेढा चांगला, वरचे एकत्र मिसळलेले. तिसरा प्रकार नंतर जोडला गेला, तो विरळा. एक्स गुणसूत्रावरच्या ‘पीओयू३एफ४’ या जनुकामुळे होणारा, म्हणून मुख्यतः मुलग्यांत आढळणारा. यात वेढ्यांमधल्या भिंती आहेत, पण मधला खांबच नाही. सीटीवर कॉक्लिया बाटलीचं बूच काढायच्या मळसूत्रासारखा दिसतो.

या तिसऱ्या प्रकाराची सर्जनला आधीच कल्पना असावी लागते. कॉक्लिया आणि मेंदूभोवतीचं पाणी यांच्यात आड काही नसतं. इम्प्लांटसाठी कॉक्लियाला छिद्र पाडताच पाणी कारंज्यासारखं उसळतं, आणि आधाराला खांब नसल्याने इलेक्ट्रोडची तार भलतीकडे, नसेच्या बोगद्यात, घुसू शकते. म्हणून टेबलावरच एक्स-रे काढून तार कुठे बसली ते पाहतात. पहिल्या प्रकारात वेगळी भीती असते. मधल्या कानातल्या रिकिबीच्या आकाराच्या हाडाच्या तळाशी असलेल्या कच्च्या जागेतून पाणी मधल्या कानात झिरपतं आणि त्याच वाटेने जंतू उलटे मेंदूच्या आवरणापर्यंत जातात. एखाद्या मुलाला पुन्हापुन्हा मेंदूज्वर होत असेल आणि कारण सापडत नसेल, तर कानाचा सीटी पाहायला हवा.

रुंद वाट

सगळ्यांत जास्त वेळा सापडणारा दोष दिसायला सगळ्यांत साधा आहे. चौकातून मेंदूच्या दिशेला जाणारी हाडातली वाट, व्हेस्टिब्युलर ॲक्विडक्ट, रुंद असते. गेल्या शतकात, १९७८ साली, व्हॅल्वासोरी आणि क्लेमिस यांनी तिच्या मध्यावर दीड मिलिमीटरची हद्द ठरवली. पुढे आणखी काटेकोर माप आलं: मध्यावर १ मिलिमीटर, तोंडाशी २. घाईच्या वेळी रेडिओलॉजिस्ट शेजारच्या मागच्या अर्धवर्तुळाकार नळीशी तुलना करतात. वाट नळीपेक्षा जाड दिसली की संशय.

अशी मुलं बऱ्याचदा जन्मतः पूर्ण बहिरी नसतात. थोडंफार ऐकू येतं, कधी नवजात तपासणीत पासही होतात. मग डोक्याला एखादा साधा मार लागतो, पडल्याचं निमित्त होतं, आणि ऐकणं एकदम खाली येतं. कधी काही दिवसांत थोडं परततं, पुन्हा पडतं. असं पायऱ्यापायऱ्यांनी. म्हणून निदान झाल्यावर डोक्याला मार बसेल असे खेळ टाळायला सांगतात.

वाट रुंद आहे, म्हणून तिच्यातून दाब आत येतो आणि कान बिघडतो, हा तर्क कुणालाही सुचेल. त्यावरून वाटेच्या टोकाची ती थैली शस्त्रक्रियेने बुजवून पाहिली गेली. फायदा झाला नाही, उलट काहींचं ऐकणं आणखी गेलं, आणि तो उपाय सोडून द्यावा लागला. रुंद वाट हे मूळ कारण नव्हतंच. अशा कित्येक मुलांमध्ये ‘एसएलसी२६ए४’ नावाच्या जनुकात दोष असतो. त्या जनुकातून पेंड्रिन नावाचं प्रथिन बनतं, ते आतल्या द्रवाची क्षारांची घडी सांभाळतं. पेंड्रिन नसेल तर द्रवाचा तोल बिघडतो आणि पिशवी फुगते. उंदरांत हे फुगणं गर्भातच, हाड बसायच्या आधी, होताना दिसलं आहे. फुगलेल्या पिशवीवर साचा बसला तर तो रुंदच बसणार. म्हणजे सीटीवर दिसणारी रुंद वाट ही आत आधीच घडून गेलेल्या रासायनिक बिघाडाची निशाणी आहे. तेच पेंड्रिन थायरॉइड ग्रंथीतही काम करतं, म्हणून यातल्या काही मुलांना मोठेपणी गलगंड होतो. त्याला पेंड्रेड सिंड्रोम म्हणतात. कानाचा सीटी पाहून डॉक्टर थायरॉइडची तपासणी का सांगतात, त्याचं कारण हे.

नाही, की होता आणि भरून गेला?

सीटीवर कॉक्लियाच्या जागी सगळं पांढरं हाड दिसलं, तर दोन शक्यता असतात. एक, कॉक्लिया कधी बनलाच नाही. दुसरी, बनला होता, पण मेंदूज्वरानंतर आत हाड भरून गेलं. दोन्हींत करायचं ते अगदी वेगळं.

फरक सांगणारी खूण आतल्या कानात नसून मधल्या कानाच्या भिंतीवर असते, आणि ती मला फार आवडते. कॉक्लियाचा खालचा वेढा घडताना मधल्या कानाच्या आतल्या भिंतीला बाहेर ढकलतो, तिथे एक छोटा उंचवटा येतो. कॉक्लिया बनलाच नसेल तर ढकलायला कुणी नसतं आणि भिंत सपाट राहते. नंतर हाड भरलं असेल तर उंचवटा जागेवर असतो. राहणारा गेला तरी उंबरठा झिजलेलाच राहतो, तसं.

अशीच गल्लत ‘कॉमन कॅव्हिटी’ आणि कॉक्लिया नसलेला फुगीर चौक यांत होते. दोन्ही एकच पोकळी दिसतात. नसेचा बोगदा पोकळीच्या मध्यावर उघडत असेल तर कॉमन कॅव्हिटी, आणि पोकळी बोगद्याच्या मागे बाहेरच्या अंगाला सरकलेली असेल तर तो नुसता चौक. पहिल्यात इम्प्लांटचा उपयोग होऊ शकतो, कारण तिच्या भिंतीत ऐकण्याच्या पेशी असू शकतात. दुसऱ्यात नाही.

स्कॅन ठीक, तरी ऐकू येत नाही

जन्मतः दर हजारात एक-दोन बाळांना कायमचा श्रवणदोष असतो. नसेच्या किंवा आतल्या कानाच्या बिघाडामुळे तो असलेल्या मुलांपैकी साधारण २० टक्क्यांतच हाडाचा आकार बिघडलेला दिसतो. उरलेल्या ८० टक्क्यांत साचा व्यवस्थित, आत बिघाड. एका कॉक्लियात आतल्या रांगेत साडेतीन हजारांच्या आसपास केशपेशी असतात, बाहेरच्या रांगांत बारा हजारांच्या आसपास. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या मापाच्या या पेशी अर्ध्या मिलिमीटरच्या कापात दिसणं शक्य नाही. आनुवंशिक बहिरेपणात सगळ्यांत जास्त सापडणाऱ्या ‘कनेक्सिन २६’च्या दोषातही स्कॅन बहुधा साफ असतो. तेव्हा ‘नॉर्मल स्टडी’ या शब्दांवरून बाळाला ऐकू येतं असा अर्थ काढू नये. आणि इम्प्लांटच्या दृष्टीने बघितलं तर तो निरोप चांगलाच असतो: तार बसवायला वाट सरळ आहे.

मात्र त्याआधी नस आहे का, हे पाहावं लागतं. इम्प्लांट केशपेशींचं काम स्वतः करतो, पण नसेचं करू शकत नाही. एमआरआयवर नसेच्या बोगद्याला आडवा छेद घेतला, की पांढऱ्या वर्तुळात चार काळे ठिपके दिसायला हवेत. पुढे वर चेहऱ्याची नस, पुढे खाली ऐकण्याची, मागे दोन तोल सांभाळणाऱ्या. ऐकण्याची नस एरवी चेहऱ्याच्या नसेपेक्षा जाड असते. ती बारीक असेल किंवा खालचा तो ठिपकाच नसेल, तर प्रश्न अवघड होतो. बोगदा स्वतःच २ मिलिमीटरपेक्षा अरुंद असेल, किंवा नसेला कॉक्लियात शिरायचं भोक दीड मिलिमीटरपेक्षा लहान असेल, तर सीटीवरूनही अंदाज येतो.

नस अजिबात नसेल तर कॉक्लिया वगळून थेट मेंदूच्या देठावर बसवायचा इम्प्लांट आहे. असा पहिला इम्प्लांट विल्यम हाउस आणि विल्यम हिट्सेलबर्गर यांनी १९७९ मध्ये एका मोठ्या वयाच्या रुग्णाला बसवला होता. लहान मुलांत तो बऱ्याच नंतर आला. ही शस्त्रक्रिया जोखमीची आणि त्यातून येणारं ऐकणं सहसा कॉक्लिअर इम्प्लांटपेक्षा कमी.

एमआरआयवर ऐकण्याच्या नसेचा ठिपका नसलेली काही मुलं मात्र मोठ्या आवाजाला दचकतात. कानात श्रवणयंत्र घालून तपासलं तर प्रतिसाद देतात. एमआरआयला पकडता येणार नाहीत इतके बारीक तंतू असतात, किंवा ऐकण्याचे तंतू शेजारच्या नसेच्या गुंडाळीतून जात असतात. त्यामुळे ‘नस दिसत नाही’ हे वाक्य ‘नस नाही’ असं वाचायचं नसतं. अशा मुलाला पडद्याआडून वाजवलेल्या आवाजाकडे ते वळतं का हे पुन्हा, वेगळ्या दिवशी, पोट भरलेलं आणि झोप झालेली असताना तपासतात, डोक्यावर तारा लावून मेंदूच्या देठापर्यंत काही पोचतंय का ते बघतात, आणि मगच कुठल्या इम्प्लांटची तारीख द्यायची ते ठरतं.